मैदानावरचं ऊन

अध्यक्षांनी लाल दोऱ्याचं टोक दातांत धरलं आणि एक टाचणी बाजाराच्या कोपऱ्यावर रोवली. मग दोरा सैल सोडत ते टेबलाच्या कडेने पुढे सरकले. टेबलावर सगळं शहर मांडलेलं होतं. लाकडाची बोटभर उंचीची घरं, हिरव्या रंगवलेल्या भुशाची झाडं, निळ्या पट्टीची नदी. दोरा बाजारापाशी वळला, शाळेच्या मैदानामागच्या घरांच्या रांगेपुढून सरळ निघाला आणि रांगेच्या मधोमध एका लाल छपराच्या घरापाशी अडला. तिथे अध्यक्षांनी आणखी दोन टाचण्या टोचल्या, दोऱ्याला त्या घराच्या मागून वळसा दिला आणि पुन्हा सरळ पुढे नेला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"कुठे काय?"

"दोरा नाकासमोर चालला होता. माझ्या घरापाशी येऊन त्याला काय धाड भरली?"

अध्यक्षांनी तोंडातला दोरा काढला. नगरपालिकेच्या त्या लांबट सभागृहात दोघांशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं.

"तुझं घर वगळलंय, ताई. दोऱ्याच्या आत चार मजल्यांना परवानगी, बाहेर आहे तसे दोनच. तू बाहेर. तुझ्या घराला कोणी हात लावणार नाही. आता तरी उद्या हात वर कर."

"याला लाच म्हणतात."

"धाकट्या भावाने थोरल्या बहिणीचं घर सांभाळलं, तर लाच?"

"घरात सांभाळलंस तर माया. या टेबलावर सांभाळलंस तर लाच."

"बरं बाई, लाच तर लाच. आणि हे बघ, उद्या सभेत मला 'अरे बाळ्या' म्हणू नकोस. मागच्या वेळी पत्रकार खो-खो हसले."

"तू सभेत नाक ओढू नकोस, मी म्हणणार नाही."

अध्यक्षांनी नकळत खिशातला रुमाल चाचपला.

मामला तसा समजायला सोपा होता. प्रादेशिक परिवहन मंडळ आसपासची सगळी गावं रेल्वेने जोडणार होतं. रूळ नदीच्या अलीकडून, म्हणजे या शहरातून न्यायचे की पलीकडून, एवढंच ठरायचं राहिलं होतं. मंडळाचं म्हणणं असं, की स्टेशन बांधायचं तर त्याच्या आसपास माणसं राहायला हवीत, आणि माणसं राहायची तर घरांवर मजले चढायला हवेत. म्हणून ज्या शहराला स्टेशन हवं असेल त्याने त्या भागात चार मजल्यांना परवानगी द्यावी. नसेल द्यायची तर हरकत नाही. रूळ पलीकडून जातील आणि इथे दोन बस वाढवून मिळतील.

पण या शहरात दोन मजल्यांचा नियम होता, आणि तो बाईंनी आणलेला होता.

तेव्हा बाई शाळेत शिकवत होत्या आणि पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. मैदानाच्या दक्षिणेला कोणीतरी उंच गोदाम बांधायला निघालं होतं. बाई वर्गातला टेबललॅम्प आणि पुठ्ठ्याची पेटी घेऊन, पाच-सहा मुलांना बरोबर घेऊन याच सभागृहात आल्या. लॅम्प म्हणजे सूर्य, पेटी म्हणजे गोदाम, खाली अंथरलेला हिरवा रुमाल म्हणजे मैदान. पेटी उभी केली आणि रुमाल काळा पडला. शाळेभोवतीच्या सगळ्या भागात दोन मजल्यांच्या वर काही बांधायचं नाही, असा ठराव एकमताने झाला. तेव्हापासून मैदानावर सकाळपासून ऊन असायचं. बाई निवृत्त झाल्या, तरी आठवड्यातून एकदा शाळेत जाऊन लहान वर्गाला गोष्ट सांगत. वर्गात नाही, मैदानावर, उन्हात, मुलांना गोल बसवून.

आताच्या प्रश्नावर सभासद अगदी निम्मे-निम्मे फुटले होते आणि बाईंचं एकच मत उरलं होतं. ते विरोधात पडणार हे सगळे धरून चालले होते. फक्त बाळ्याच्या मनातून आशा जात नव्हती.

"तुझी फेरी झाली?" अध्यक्षांनी उरलेला दोरा गुंडाळता गुंडाळता विचारलं.

फेरी ही इथली जुनी रीत. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण पाळली जायची. रस्त्याबद्दल किंवा वाहतुकीबद्दल मत द्यायचं असेल, तर प्रत्येक सभासदाने आधी स्वतःचं तिकीट काढून सकाळच्या पहिल्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायचं. बाकीच्यांची फेरी झाली होती आणि सगळ्यांनी सभेच्या चिटणिसांना एकच वाक्य सांगितलं होतं: बस बहुतेक रिकामी असते.

"उद्या सकाळी करते. सभा दुपारी आहे ना?"

"मग नेहमीप्रमाणे शेवटच्या थांब्यावर गाडी पाठवतो. ताटकळत बसू नकोस."

"नको तुझी गाडी," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "एक वळसा दिलास तेवढा पुरे."

*

पहिल्या बसमध्ये बाई चढल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून विझले नव्हते. बस रिकामी होती. त्या ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या आणि पर्समधून मोजके सुटे पैसे काढून कंडक्टरपुढे धरले.

"फेरी का?" कंडक्टरने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"या वेळेला इकडून जाणारे दोघंच. एक मी आणि एक हे." त्याने ड्रायव्हरकडे अंगठा केला. "तिसरं माणूस दिसलं की समजायचं, नगरपालिकेचं आहे."

ड्रायव्हर आरशातून हसला.

बस नदीचा पूल ओलांडून बाहेर पडली. गोदामं गेली, विजेचं उपकेंद्र गेलं, मग दगडाच्या खाणींचे उंच कठडे सुरू झाले. अधूनमधून वस्त्या लागत होत्या. खिडक्यांतून दिवे दिसत होते, कुठे दारात उभं राहून कोणी घाईघाईने डोकं विंचरत होतं. थांब्यावर मात्र बससाठी कोणी नव्हतं. माणसं होती ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, अंगाभोवती शाली आणि कोट लपेटून उभी. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पुन्हा आपल्या विचारात गेल्या. दुपारी काय बोलायचं याची त्या मनात उजळणी करत होत्या. मुद्देसूद बोलायचं, आवाज चढवायचा नाही. जिथे बस भरत नाही तिथे रेल्वे कोणासाठी आणायची? वाक्य चांगलं होतं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं.

शेवटचा थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्यामागे चढावर पसरलेली घरं. बस वळून उभी राहिली. ड्रायव्हर पाय मोकळे करायला उतरला. कंडक्टरने पुढची पाटी बदलली आणि बाई अजून बसलेल्याच आहेत हे पाहून म्हणाला,

"उतरत नाही? तुमची गाडी येईल ना?"

"गाडी नाही. मी याच बसने परत येणार आहे."

"परत?" कंडक्टरने टोपी मागे सरकवली. "मग खिडकीशी सरकून घ्या, बाई. आणि पर्स मांडीवर घ्या."

त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच दार वाजलं आणि माणसं आत शिरली. डबे, पिशव्या, छत्र्या, एकाच्या हातात रंगाचे ब्रश, एका बाईच्या कोटाखालून दिसणारा नर्सचा पांढरा गणवेश. बाकं बघता बघता भरली. शेवटी एक आडदांड माणूस खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन वर चढला, दांडा धरायला हात वर केला आणि तसाच थांबला.

"बाई! तुम्ही?"

बाईंनी चष्मा वर केला. रुंद चेहरा, कपाळावर एक जुनी खूण, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी.

"ओळखलं नाही रे. कोण तू?"

"खडू."

मागून दोघं-तिघं हसले. बाईंना एकदम दिसलं ते शेवटच्या बाकावरचं गोल तोंड, ओठांच्या कडा पांढऱ्या झालेल्या, आणि 'मी नाही खाल्ला' म्हणून हलणारी मान.

"अजून खातोस का?"

"सुटली सवय. आता चौकातल्या दुकानात काच कापतो. काच काही खाता येत नाही."

"बाई, मी पण तुमच्याच वर्गातली," नर्सच्या गणवेशातली बाई म्हणाली. "मी पाढे म्हणताना रडायचे."

"सात आला की रडायचीस."

"अजून रडते. सातची पाळी आली की."

मागच्या गर्दीतून कोणी हात वर केला, कोणी नुसतंच 'बाई, नमस्कार' म्हटलं, कोणाला शेजाऱ्याने ढकलून पुढे केलं. हजेरी सुरू झाल्यासारखंच झालं ते. पुढच्या थांब्यावर आणखी माणसं चढली आणि त्यांतही दोन चेहरे ओळखीचे निघाले. बाई एकेकाकडे बघत होत्या. कोण कुठे बसायचं, कोणाच्या आईचं किराणाचं दुकान होतं, कोण कुठल्या गल्लीतून यायचं, सगळं आठवत होतं. आणि त्या गल्ल्या सगळ्या शाळेच्या आसपासच्या होत्या.

"तुम्ही सगळे इकडे कुठे?" त्यांनी विचारलं.

"राहतो इकडे," खडू म्हणाला. "कोणी खाणीपाशी, कोणी चढावर. आम्ही चढावर. हवा छान आहे, फक्त पाणी चढत नाही."

"पण तुझं घर तर शाळेच्या मागेच होतं. निळ्या दाराचं."

"आहे की. तिथे थोरला राहतो. आई त्याच्याकडेच."

बसने वळण घेतलं. उभी माणसं एका बाजूला झुकली आणि खडूच्या खांद्यावरचं मूल कूस बदलल्यासारखं वळलं. त्याचा चेहरा बाईंच्या बाजूला आला. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. तोंड अर्धवट उघडं.

बाई बघतच राहिल्या.

ती डुलकी होती. गोष्टीच्या गोलात हमखास झोपणारी. गोष्ट रंगात आली की हिची मान खाली. मग बाई थांबायच्या, एक टाळी वाजवायच्या, आणि म्हणायच्या, "डुलकीबाई, उठा, राक्षस आला!" सगळी मुलं हसायची. ती दचकून जागी व्हायची आणि सगळ्यांबरोबर हसायची. हे नाव बाईंनीच ठेवलं होतं.

"ही तुझी?"

"माझीच. तुमची फार लाडकी आहे म्हणे. घरी ऐट असते तिची. म्हणते, बाईंनी वर्गात फक्त मलाच वेगळं नाव दिलंय."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर उजाडत होतं.

"किती वाजता उठते रे ही?"

"उठते कसली! झोपेतच कपडे घालतो आम्ही. एक हात मी धरतो, एक हात तिची आई. बूट बसमध्ये." त्याने कोटाच्या खिशातून दोन छोटे बूट काढून दाखवले.

"इकडे जवळपास शाळा नाही?"

"आहे ना. चांगली आहे. पण मीच म्हटलं, आपलीच शाळा. मैदान आहे, ऊन आहे. मी हिला सांगतो, हे ऊन आपल्या बाईंनी ठेवलंय. आठवतं बाई, तुम्ही नगरपालिकेत लॅम्प घेऊन गेला होतात? ती पेटी मीच धरली होती."

"तू होतास?"

"मग! हात दुखला, तरी हलवली नाही. तुम्ही म्हणाला होतात, पेटी हलली तर सूर्य हलल्यासारखं दिसेल." तो मोठ्याने हसला. "नंतर गंमतच झाली. आम्हा दोघा भावांची लग्नं झाली. खालच्या दोन खोल्यांत थोरला, वरच्या दोनात आई-वडील. म्हटलं, वर आणखी एक मजला चढवू, मी राहीन. गेलो नगरपालिकेत. खिडकीतला माणूस म्हणतो, नियम आहे, दोनच मजले. मी म्हटलं, मला काय सांगता, पेटी मीच धरली होती!"

आसपासचे सगळे हसले. ही गोष्ट त्यांनी आधी ऐकलेली असावी, कारण शेवटचं वाक्य दोघांनी त्याच्याबरोबरच म्हटलं. कंडक्टरही हसला.

हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या,

"माझ्याकडे का नाही आलास?"

"तुमच्याकडे?" खडूला खरंच नवल वाटलं. "तुमच्याकडे येऊन काय सांगायचं, बाई? ऊन नको म्हणून?"

पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी आत आली आणि खडू दांड्याला चिकटला. बाईंनी पर्स बाजूला केली.

"दे तिला इकडे."

"नको, जड आहे."

"अख्खा वर्ग बसवून घेतलाय मी. ही मांडीवर नाही का मावणार?"

मुलगी मांडीवर आली, पण जागी झाली नाही. तिने बाईंच्या कोटाचं बटण मुठीत धरलं आणि पुन्हा शांत झाली. बस गच्च भरली होती. पायऱ्यांवरसुद्धा माणसं उभी होती. खाणी मागे पडल्या, उपकेंद्र आलं, मग गोदामं. बाईंच्या हाताला मुंग्या आल्या, पण त्यांनी तो हलवला नाही.

बाजारात बस रिकामी झाली. खडूने फुटपाथवर गुडघ्यावर बसून लेकीच्या पायांत बूट घातले, सुटलेली वेणी जमेल तशी बांधली आणि तिचा हात धरून तो शाळेच्या दिशेने निघाला. बाईही त्यांच्यामागून निघाल्या. फाटकाशी आल्या तेव्हा घंटा होत होती. मुलं रांगांत उभी राहत होती. पूर्वी रांगा पलीकडच्या कुंपणाला टेकायच्या, शेवटच्या मुलाला बाईंचा आवाज पोचावा म्हणून त्यांना पायरीवर चढावं लागे. आता रांगा मैदानाच्या निम्म्यातच संपल्या होत्या. त्यापुढे कुंपणापर्यंत नुसतं ऊन पसरलं होतं.

*

दुपारी सभागृह भरलं. पत्रकार मागच्या बाकांवर होते. बाईंच्या शेजारी दवाखानेवाले डॉक्टर बसले होते. दोन मजल्यांच्या बाजूने पहिल्यापासून तेच लढत होते.

"बाई, आज तुमच्या तोंडाकडे बघतोय आम्ही सगळे," ते हळूच म्हणाले. "आवाज लागलाय ना व्यवस्थित?"

"लागलाय," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी ठराव वाचला. लाल दोरा कुठून कुठे जातो ते काठीने दाखवलं. लाल छपराच्या घरापाशी काठी जराशी भरभर फिरली. मग त्यांनी घसा साफ केला.

"मतदानाआधी कोणाला काही विचारायचं आहे?"

"मला," बाई म्हणाल्या. "सावली बघायची आहे."

नगररचना विभागातली तरुण अधिकारी पुढे आली. सगळे सभासद तिला नकाशेवाली म्हणत, आणि त्या नावाला तिची हरकत नसे. तिने दोऱ्याच्या आत चार मजल्यांचे ठोकळे मांडले. मग एका लोखंडी दांड्यावर बसवलेला दिवा टेबलाजवळ सरकवला.

"कुठली वेळ दाखवू, बाई?"

"थंडीतली सकाळ. शाळा भरतानाची."

दिवा खाली उतरला. ठोकळ्यांच्या सावल्या लांबल्या आणि हिरव्या मैदानावरून जवळजवळ पलीकडच्या कुंपणापर्यंत गेल्या.

"आणि मधली सुट्टी?"

दिवा थोडा वर गेला. सावली मागे हटली आणि मैदानाच्या मधोमध थांबली.

"अर्धं मैदान," नकाशेवाली म्हणाली. "दुपारनंतर बरंचसं मोकळं होतं. पण सकाळ जाते. ते लपवता येणार नाही."

"लपवू नकोस. बरोबर दाखवलंस."

"बघा!" डॉक्टर उभे राहिले. "बाईंनी एका प्रश्नात दाखवून दिलं. आता आणखी काय बोलायचं राहिलं?"

"फेरीचं राहिलं," चिटणीस म्हणाले. त्यांनी पेन उघडलं होतं आणि ते वाक्य लिहायला जवळजवळ सुरुवातही केली होती. "बाईंची फेरी. 'बस बहुतेक रिकामी असते', असंच लिहू ना?"

"जाताना रिकामी होती," बाई म्हणाल्या. "येताना पाय ठेवायला जागा नव्हती."

चिटणिसांचं पेन थांबलं. अध्यक्षांनी मान वर केली.

"येताना? येताना तू..." ते सावरले. "येताना आपण कशाने आलात?"

"बसने."

"येताना फेरी कोणी करत नाही," डॉक्टर म्हणाले.

"हो ना. मीही कधी केली नव्हती."

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि मॉडेलवरची छोटी झाडं थरथरली.

"एवढे कोण होते बसमध्ये?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझा वर्ग होता."

डॉक्टर खुर्चीत अर्धे वळले. ते चांगले माणूस होते. रागावले की त्यांचा आवाज उलट मऊ व्हायचा.

"बाई, मला कळतंय तुम्ही कुठे निघालात ते. पण एक सांगा. चार मजले झाले तर त्या घरांत तुमचा वर्गच येईल कशावरून? बांधणारा ज्याला परवडेल त्याला विकेल. ऊन जाईल, आणि मुलं तिकडेच राहतील. मग?"

बाई मॉडेलवरच्या सावलीकडे बघत थांबल्या. वर्गात कोणी चांगला प्रश्न विचारला की त्या अशाच थांबत असत.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तसंही होईल कदाचित. तुम्ही आणि मी मिळून त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू. पण आज त्यांना यायचं म्हटलं तरी येता येत नाही. ते मी सकाळी पाहून आले."

"आणि मैदान?"

"मैदान तिथेच राहील."

"ऊन म्हणतोय मी."

"अर्धं जाईल," बाई म्हणाल्या, आणि टेबलाचा आधार घेत उठल्या.

त्या मॉडेलपाशी गेल्या. लाल छपराचं घर वाकून नीट पाहिलं. कोणी केलं होतं कोण जाणे, पण छान केलं होतं. दाराशी दोन पायऱ्याही कोरल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, आणि घरामागे टोचलेल्या दोन टाचण्या एकेक करून उपटल्या. वळसा सुटला. सैल झालेला दोरा छपरावर पडला आणि तिथेच लोळत राहिला.

"अरे बाळ्या," बाई म्हणाल्या, "तिकडचं टोक ओढ. दोरा सरळ हवा."

मागच्या बाकांवर पत्रकार हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते टेबलाला वळसा घालून दुसऱ्या टोकाशी गेले, दोरा बोटाला गुंडाळला आणि हळूहळू ताणला. दोरा लाल छपरावरून सरकत सरकत घराच्या अलीकडे उतरला आणि बाजारापासून नदीपर्यंत सरळ झाला. घर आता इतर घरांबरोबर दोऱ्याच्या आत होतं.

हात वर झाले. चिटणिसांनी दोनदा मोजले. बाईंचा हात वर होता. दोन्ही वेळा ठराव एका मताच्या फरकाने पास झाला.

अध्यक्षांनी निकाल वाचायला कागद तोंडासमोर धरला आणि नाक ओढलं. बाईंनी ते ऐकलं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

*

गोष्टीच्या दिवशी बाई नेहमीसारख्या शाळेत गेल्या. मुलं मैदानावर गोल करून बसली होती. ऊन चांगलं पडलं होतं, मुलांचे कान लाल झाले होते. गोष्ट एका हत्तीच्या पिल्लाची होती. त्याला स्वतःची सोंड कुठे ठेवावी ते कळत नसे. बाई उभं राहून हाताची सोंड करून दाखवत होत्या आणि मुलं हसून लोळत होती.

पिल्लाची सोंड मधमाशांच्या पोळ्यात शिरली, आणि गोलातून एकदम आवाज आला.

"बाई, डुलकी झोपली!"

"बाई, टाळी वाजवा!"

"राक्षस आणा, बाई!"

डुलकीची मान शेजारणीच्या खांद्यावर कलली होती. ऊन थेट तिच्या तोंडावर पडत होतं आणि झोपेतच तिच्या भुवया आक्रसत होत्या.

बाईंचे हात टाळीसाठी जवळ आले होते. ते त्यांनी तसेच खाली सोडले.

"हळू," त्या म्हणाल्या. "पिल्लू आता चोरपावलांनी चाललंय. आपणही हळू बोलायचं."

मुलांनी ओठांवर बोटं ठेवली. बाईंनी गोष्ट पुढे चालू केली, पण आवाज खाली आणला, इतका खाली की ऐकायला मुलांना पुढे सरकावं लागलं. बोलता बोलता त्या आपल्या जागेवरून हलल्या. दोन पावलं डावीकडे, मग आणखी एक. डुलकीच्या तोंडावर त्यांची सावली पडली. तिच्या भुवया सैल झाल्या.

बाई गोष्ट संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.